'काळाच्या पुढे होता म्हणून पडला': हे नक्की किती सिनेमांबद्दल खरं आहे?

शेवटची_रांग (धागाकर्ता)

परवा एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं की 'द शॉशँक रिडेम्प्शन' काळाच्या पुढचा होता म्हणून थिएटरात पडला. तिथे वाद घालून धागा भरकटवायचा नव्हता, म्हणून हा वेगळा काढतोय.

शॉशँक आणि काळाच्या पुढे? मला तो सिनेमा जिवापाड आवडतो, पण त्याच्यात १९९४ ला पचणार नाही असं एक तरी काही दाखवा. तुरुंग, निरपराध कैदी, धार्मिकपणाचा आव आणणारा भ्रष्ट वॉर्डन, म्हाताऱ्या मित्राच्या आवाजातलं निवेदन. सगळा मामला जुन्या वळणाचा. उलट तो चाळीस वर्षं उशिरा आला म्हणा! अडीच कोटी डॉलर खर्चून बनला आणि पहिल्या फेरीत एक कोटी साठ लाखांच्या आसपास गोळा झाले. कारणं साधी आहेत. तोंडात न बसणारं नाव, तुरुंगाचा विषय, नायिका नाही आणि त्याच हंगामात 'पल्प फिक्शन' आणि 'फॉरेस्ट गंप' समोर. ऑस्करला सात नामांकनं मिळाली, हातात एकही बाहुली आली नाही.

मग तो उठला कसा? आधी व्हिडिओ कॅसेटवर. मग १९९७ पासून टीएनटी या केबल वाहिनीने तो दाखवायला घेतला आणि दाखवतच राहिली. वाहिनी टेड टर्नरची आणि सिनेमा बनवणारी कॅसल रॉक कंपनीही तोवर टर्नरच्याच पंखाखाली गेलेली. घरचाच माल! काळ-बिळ काही बदलला नाही, वेळापत्रक बदललं.

माझं म्हणणं असं की 'काळाच्या पुढे' ही आपण मागाहून दिलेली पदवी आहे. सिनेमा पडला तेव्हा नेमकं काय घडलं आणि तो उठला तेव्हा त्याला कुणी उठवलं, हे दोन प्रश्न विचारले की निम्म्या उदाहरणांची पदवी काढून घ्यावी लागते. तुमची उदाहरणं आणा, पण या दोन प्रश्नांच्या उत्तरांसकट. नुसत्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत.

मध्यंतर

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

एकलव्य_२

'कागज़ के फूल'. १९५९. विषय संपला. :)

शेवटची_रांग

एकलव्य, दोन प्रश्न, दोन उत्तरं. असं निसटता येणार नाही.

एकलव्य_२

बरं, घ्या. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. छायालेखक मूर्तींनी स्टुडिओच्या छतातून येणारा तो प्रकाशाचा झोत आरशांनी बाहेरचं ऊन आत वळवून मिळवला. तेव्हा असं कोण करत होतं? विषयही बघा, एका यशस्वी दिग्दर्शकाचा ऱ्हास. लोकांना झेपलं नाही. सिनेमा पडला आणि गुरुदत्तने पुन्हा दिग्दर्शन केलं नाही. व्ही. के. मूर्तींना फाळके पुरस्कार मिळाला तो २००८ सालचा. हा पुरस्कार मिळालेले ते पहिले छायालेखक. एवढा वेळ लागला लोकांना कळायला.

खडूस

एक दुरुस्ती. 'पुन्हा दिग्दर्शन केलं नाही' म्हणण्यापेक्षा 'दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावलं नाही' म्हणा. 'साहिब बीबी और ग़ुलाम'वर नाव अबरार अल्वींचं आहे आणि त्याचा वाद अजून मिटलेला नाही. तो इथे सुरू करू नका, मी हात जोडतो.

आणि मूर्तींच्या कामाला दाद मिळायला २००८ उजाडावं लागलं हेही खरं नाही. याच सिनेमाच्या छायालेखनाला तेव्हाचं फिल्मफेअर मिळालं होतं. म्हणजे झोत लोकांना तेव्हाही दिसला होता.

शेवटची_रांग

खडूसरावांनी अर्धं काम केलं, उरलेलं मी करतो. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, त्याच गुरुदत्तच्या कंपनीचा 'चौदहवीं का चाँद' जोरात चालला. नायक तोच, नायिका तीच, प्रेक्षकही तेच. वर्षभरात प्रेक्षक मागासला आणि पुन्हा सुधारला असं तर झालं नसेल. 'कागज़ के फूल' चा उत्तरार्ध स्वतःच्या दुःखात इतका बुडालेला आहे की बाहेरच्याला आत शिरायला फट सापडत नाही. मला तो आजही जड जातो, आणि हे मी त्या सिनेमाच्या प्रेमात असून म्हणतोय.

रिळवाला

धागा आवडला. मी प्रोजेक्टरच्या बाजूने बघतो, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं पडेल.

काही सिनेमे खरोखर काळाच्या पुढे असतात, पण ते यंत्राच्या अर्थाने. दाखवायची सोय जन्मायच्या आधी सिनेमा जन्मतो. डिस्नेचा 'फँटेशिया' घ्या. साल १९४०. त्यासाठी 'फँटासाउंड' नावाची ध्वनिव्यवस्था बनवली होती. वाद्यवृंदाचा आवाज वेगवेगळ्या वाहिन्यांवर घ्यायचा आणि थिएटरात वेगवेगळ्या कर्ण्यांतून सोडायचा. स्टिरिओ घरोघरी पोचायला अजून अवकाश होता. यंत्रणा इतकी अवजड आणि महाग की ती मोजक्याच थिएटरांत बसवता आली. त्यात युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद. मग सिनेमा कापून, साध्या एकपदरी आवाजात फिरवला. नफ्यात यायला १९६९ च्या पुनर्प्रदर्शनाची वाट पाहावी लागली. याला पदवी द्याल की नाही?

दुसरा 'ट्रॉन', १९८२. तो सपशेल पडला असं म्हणता येणार नाही, पण डिस्नेची अपेक्षा फार मोठी होती. संगणकावर बनवलेली दृश्यं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. दिग्दर्शक स्टीव्हन लिस्बर्गर यांनी पुढे सांगितलं की स्पेशल इफेक्ट्सच्या ऑस्करसाठी त्यांचा विचारच झाला नाही, कारण संगणक वापरणं म्हणजे लबाडी असं अकादमीला वाटलं. नामांकनं मिळाली ती वेशभूषेला आणि ध्वनीला.

शेवटची_रांग

रिळवाले काका, 'फँटेशिया'ला पदवी बहाल. विनातक्रार. 'ट्रॉन' बद्दल एवढंच, की गोष्ट तेव्हाही कंटाळवाणी होती आणि आजही आहे. तंत्र पुढे आणि पटकथा मागे, दोन्ही एकाच सिनेमात.

निळी_शाई

१९८२ चा विषय निघालाच आहे तर २५ जूनबद्दल कुणी कसं बोलत नाही? त्या एकाच शुक्रवारी अमेरिकेत 'ब्लेड रनर' आणि जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' हे दोन्ही लागले आणि दोन्ही आपटले. दोन आठवड्यांपूर्वी, ११ जूनला, 'ई.टी.' आला होता. परग्रहावरून आलेल्या गोड पाहुण्यासाठी अख्खं जग डोळे पुसत होतं आणि कार्पेंटरने आणला माणसाचं रूप घेणारा, माणसाच्या पोटातून जबडा काढणारा पाहुणा. आता म्हणा कोण कुणाच्या पुढे ते.

'द थिंग' चा खर्च दीड कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई दोन कोटींच्या आत. वरवर हे नफ्यात दिसतं, पण तिकिटबारीवरच्या रकमेतून थिएटरवाल्यांचा वाटा जातो आणि जाहिरातीचा खर्च तर वेगळाच असतो. समीक्षकांनी किळस, किळस म्हणून झोडपलं. सगळ्यात मजा पुढे आहे. एनिओ मॉरिकोनेच्या संगीताला वर्षातल्या सर्वात वाईट संगीताचं 'रॅझी' नामांकन मिळालं. त्याच सिनेमासाठी रचलेले पण न वापरलेले काही तुकडे तेहतीस वर्षांनी टारँटिनोच्या 'द हेटफुल एट' मध्ये वापरले गेले आणि त्या सिनेमाच्या संगीताने मॉरिकोनेला ऑस्कर मिळवून दिलं! रांग, हे वेळापत्रकाने झालं का?

एकलव्य_२

शाईताई, टाळ्या. _/\_

मध्यंतर

हे मॉरिकोनेचं मला माहीतच नव्हतं. आज सार्थक झालं.

शेवटची_रांग

शाईताईंनी घाम फोडला.

'ब्लेड रनर' आधी निकालात काढतो, ते सोपं आहे. १९८२ ला लोकांनी जो पाहिला तो आज आपण डोक्यावर घेतो तो सिनेमाच नव्हता. चाचणी-खेळात प्रेक्षक गोंधळले म्हणून निर्मात्यांनी हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन चिकटवलं. शेवटी नायक-नायिका हिरव्या डोंगरांतून गाडी हाकत निघून जातात असा गोड शेवट लावला, आणि त्या डोंगरांची दृश्यं कुब्रिकच्या 'द शायनिंग' साठी हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या उरल्यासुरल्या फिल्ममधली! १९९२ ला निवेदन आणि तो शेवट काढून 'डायरेक्टर्स कट' आला, २००७ ला 'फायनल कट'. तेव्हा पडला तो एक सिनेमा आणि गाजला तो दुसरा. प्रेक्षक सुधारला याचा पुरावा त्यातून मिळत नाही.

'द थिंग' मात्र... थांबा, विचार करून लिहितो.

खडूस

धागाकर्ता विचार करणार! तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

गप्प_वाचक

नेहमी वाचतो, क्वचित लिहितो. एक प्रामाणिक प्रश्न. फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीचा 'प्लेटाइम' सगळे महान म्हणतात. मी लॅपटॉपवर लावला, वीस मिनिटांत बंद केला. कोण मुख्य पात्र आहे, कुणाकडे बघायचं, काही कळेना. हाही काळाच्या पुढचाच म्हणायचा का, आणि मी अजून १९६७ मध्येच?

रिळवाला

गप्पराव, लॅपटॉपवर? अहो, तो ७० मिमीवर, म्हणजे नेहमीच्या दुप्पट रुंद फिल्मवर, काढलेला सिनेमा आहे. तातीने पॅरिसजवळ काच-पोलादाचं एक अख्खं नगर उभारलं, लोक त्याला 'तातीविल' म्हणत. मागच्या गर्दीत काही ठिकाणी माणसांऐवजी माणसाएवढी छायाचित्रं कापून उभी केली आहेत. जवळून घेतलेलं दृश्य जवळजवळ नाहीच. एका वेळी पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार विनोद चालू असतात आणि कुठे बघायचं ते दिग्दर्शक सांगत नाही. तो मोठ्या पडद्यावरच दाखवायचा हट्ट धरून बसला होता, म्हणजे थिएटरं आपोआप कमी झाली. सिनेमा बुडाला, ताती कर्जात गेला, स्वतःच्या जुन्या सिनेमांचे हक्कही हातचे गेले. २००२ मध्ये दुरुस्त प्रत आली तेव्हा पुन्हा लोकांसमोर आला.

जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा आणि रेस्टॉरंटचा प्रसंग येईपर्यंत धीर धरा. मग सांगा.

मध्यंतर

आले. मला जरा वेगळी काडी टाकायची आहे.

'काळाच्या पुढे' म्हणताना आपण धरून चालतो की काळ एका सरळ रस्त्याने पुढे जातो आणि पुढची माणसं मागच्यांपेक्षा शहाणी असतात. 'लम्हे' चं काय करायचं मग? १९९१, यश चोप्रा. नायक एका मुलीवर प्रेम करतो, ती दुसऱ्याशी लग्न करते, मरते, आणि पुढे तिची मुलगी नायकाच्या प्रेमात पडते. भारतात लोकांनी नाकारला, परदेशात बरा चालला, फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं बक्षीसही मिळालं. वर्षानुवर्षं सगळे लिहीत आले की काळाच्या पुढे होता, लोकांना नातं झेपलं नाही.

पण आज पहिल्यांदा बघणाऱ्या विशीतल्या मुलींना विचारा. त्यांनाही तो खटकतो, फक्त खटकण्याचं कारण दुसरं. तेव्हाच्या लोकांना तो जवळजवळ अनाचार वाटला. आजच्या मुली विचारतात की एवढं वयाचं अंतर आणि आईच्या जागी मुलगी, हे इतकं हळवं करून का दाखवलंय? म्हणजे काळ पुढे आला आणि सिनेमाला बाजूने ओलांडून गेला. मधली काही वर्षंच त्याची होती.

(श्रीदेवीवर एक शब्दही ऐकून घेणार नाही, हे आधीच सांगते.)

निळी_शाई

मध्यंतर, +१००. हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या लायकीचा आहे.

खडूस

काळाच्या पुढे-मागे करत बसलाच आहात तर १९६० घ्या. एप्रिलमध्ये लंडनला मायकेल पॉवेलचा 'पीपिंग टॉम', काही महिन्यांतच हिचकॉकचा 'सायको'. दोन्हीकडे वरवर शांत, लाजरा दिसणारा तरुण खुनी. एकाने हिचकॉकला मालामाल केलं, दुसऱ्याने पॉवेलची ब्रिटनमधली कारकीर्द जवळपास संपवली. वर्ष तेच! मग काळ कुठे आडवा आला?

'पीपिंग टॉम' मधला खुनी कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायात लपवलेल्या टोकाने बायकांना मारतो आणि मरताना त्यांचं चित्रण करतो. म्हणजे बघणं हाच गुन्हा, आणि आपण थिएटरात बसून तेच करतोय. समीक्षक तर बघण्याचेच पैसे घेतात, त्यांना झोंबणारच. हिचकॉक धूर्त, त्याने समीक्षकांना आधी खेळच दाखवला नाही. पॉवेलला उठवलं ते मार्टिन स्कोर्सेसीने, १९७९ मध्ये अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित करायला हातभार लावून. म्हणजे रांगच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे एका माणसाचं नाव आहे.

एकलव्य_२

आणि फ्रेंच दिग्दर्शक रेन्वारचा 'द रूल्स ऑफ द गेम'? जुलै १९३९, पॅरिस. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. एका गृहस्थाने वर्तमानपत्र पेटवून थिएटरलाच आग लावायचा प्रयत्न केला, असं रेन्वारनेच सांगितलंय. घाबरून सिनेमा कापला, मग काही महिन्यांत सरकारने बंदी घातली. मूळ निगेटिव्ह युद्धात बॉम्बहल्ल्यात गेली. सापडलेल्या रिळांमधून जोडजोडून १९५९ मध्ये जवळपास पूर्ण प्रत तयार झाली.

खडूस

हा तर पुढेही नव्हता आणि मागेही. महायुद्ध दोन महिन्यांवर आलेलं आणि वरच्या वर्गातली मंडळी शिकारी आणि लफडी करत बसलीत, हेच त्यात दाखवलंय. अगदी वेळेवर आला म्हणून मार खाल्ला.

शेवटची_रांग

दोन दिवस 'द थिंग' वर विचार केला. परत पाहिलाही. माझी मूळ मांडणी थोडी बदलतो, खडूसरावांनी कृपया उड्या मारू नयेत.

पहिल्यांदा 'द थिंग' बघताना आपण घाबरतो आणि किळस करतो, बस. दुसऱ्यांदा बघताना हिशेब सुरू होतो. कोण कधी बाधित झाला? हा खोलीबाहेर गेला तेव्हा त्याच्यासोबत कोण होतं? रक्ताच्या पिशव्यांची किल्ली कुणाकडे होती? शेवटी बर्फात समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी माणूस किती? हे थिएटरात एकदा बघून होत नाही. त्याला कॅसेट लागते, मागे-पुढे करायचं बटण लागतं आणि वाद घालायला मित्र लागतात. १९८२ ला तिकीट विकलं जायचं ते पहिल्या बघण्याचं. हा सिनेमा दुसऱ्या बघण्यासाठी बनलेला होता.

हे एकदा लक्षात आलं आणि यादीतली बरीच कोडी सुटली. 'अंदाज़ अपना अपना', नोव्हेंबर १९९४. 'हम आपके हैं कौन' थिएटरं व्यापून बसलेला, आणि यात विनोदामागून विनोद, एक कळेपर्यंत पुढचे दोन निसटलेले. गोगोचं नाव पहिल्यांदा ऐकताना नुसतं विचित्र वाटतं, पाचव्यांदा तो पडद्यावर यायच्या आधीच आपण हसायला लागतो. केबलवाल्यांनी आणि कॅसेटांनी तो पाठ करून घेतला. 'जाने भी दो यारों', १९८३, तसाच. थिएटरात बेताचा, दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा लागून घरातला झाला. त्यात खून टिपला जातो त्या बागेचं नाव 'अंतोनिओनी पार्क' आहे हे पहिल्या फेरीत कुणाच्या लक्षात आलं असेल? छायाचित्र मोठं करता करता खून सापडण्याची ती युक्ती अंतोनिओनीच्या १९६६ च्या 'ब्लो-अप' ला केलेला सलाम आहे. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' चं मर्म तर दुसऱ्यांदा बघणाऱ्यालाच कळतं. १९५८ ला थंड स्वागत, २०१२ ला समीक्षकांच्या मतदानात पहिला नंबर.

तर दुरुस्ती अशी: यातले बरेच सिनेमे काळाच्या पुढे नव्हते, पण बघण्याच्या साधनांच्या पुढे होते. रिळवाल्या काकांचा 'यंत्र' मुद्दा मी थिएटरापुरता मान्य केला होता, तो आता घरातही घेऊन येतो.

रिळवाला

या बसा. चहा सांगू का? :)

मध्यंतर

मान्य. पण 'इट्स अ वंडरफुल लाइफ' तुमच्या पहिल्याच, वेळापत्रकाच्या खणात राहतो, बरं का. तो काही दुसऱ्यांदा बघून उलगडत नाही, सरळ भोळा सिनेमा आहे. १९४६ ला खर्चही धड भरून आला नाही. अठ्ठावीस वर्षांनी, १९७४ ला, कुणीतरी कॉपीराइटच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायचं विसरलं आणि अमेरिकेतल्या वाहिन्यांना नाताळात फुकट दाखवायला एक सिनेमा मिळाला. लावलाच मग सगळ्यांनी. सण म्हटलं की तो, इतका तो रुजला. १९९३ ला मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन मालकांनी तो पुन्हा ताब्यात घेतला, पण तोवर काम झालं होतं.

एका कारकुनी चुकीने अभिजात झालेला सिनेमा!

निळी_शाई

आणि 'तुंबाड' कुठल्या खणात, रांग? २०१८ ला थिएटरात जेमतेम चालला. मग ओटीटीवर लोकांनी पाहिला, एकमेकांना बघायला लावला, आणि सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. घरी बघून झालेला असताना लोक पैसे देऊन गेले. दुसऱ्या बघण्याचं तिकीट विकलं गेलं म्हणा.

नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना तर तो 'पुढचा' कधी वाटलाच नव्हता. पावसात कुजणारा वाडा, साखळीला बांधलेली म्हातारी, हाव. ओळखीचंच सगळं.

शेवटची_रांग

शाईताई, याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. मी गप्प.

एकलव्य_२

मग 'ओम दर-ब-दर' ला कुठे ठेवणार? कमल स्वरूप, १९८८. बर्लिनला दाखवला, पण रीतसर थिएटरात लागला २०१४ मध्ये.

खडूस

जो लागलाच नाही तो पडला कसा म्हणायचा? त्याला वेगळ्या प्रवर्गात टाका.

रिळवाला

इतका वेळ सगळे उठलेल्या सिनेमांबद्दल बोलतोय. उठण्यासाठी प्रत शिल्लक असावी लागते, हे कुणाच्या मनात आलं का?

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', १९२५, कोल्हापूर, महाराष्ट्र फिल्म कंपनी. ना. ह. आपट्यांची कथा. आजूबाजूला सगळे पौराणिक आणि ऐतिहासिक मूकपट. त्यात या माणसाने कर्जाने पिचलेला, जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. देवदेवता आणि तलवारी बघायला आलेल्या लोकांना तो रुचला नाही, चालला नाही, आणि पेंटर पुन्हा भरजरी पोशाखांकडे वळले. वास्तववादी भारतीय सिनेमाची सुरुवात शोधायला निघालेले अभ्यासक इथे येऊन थांबतात. मला विचाराल तर काळाच्या पुढे हे शब्द कुणाला लावायचे तर यालाच.

आणि तो आपण बघू शकत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले ३० सुद्धा धड हाती नाहीत, काहींचे नुसते तुकडे. नायट्रेट फिल्म भडका घ्यायची नाहीतर सडायची, आणि चांदी काढण्यासाठी रिळं विकली जायची. चाललेल्या सिनेमाच्या प्रती जास्त निघतात, म्हणून वाचायची शक्यता जास्त. पडलेल्याच्या प्रती कमी, त्या सांभाळणार कोण? राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, तोवर चाळीस वर्षं उलटली होती. १९३६ ला पेंटरांनी तोच विषय बोलपट करून पुन्हा केला, पण ज्याची ख्याती आहे तो मूकपटच.

रांग, तुमचा दुसरा प्रश्न होता की उठवलं कुणी. ज्यांना उठवायला कुणी पोचलंच नाही ते आपल्या यादीत येतच नाहीत. त्यामुळे पडलेले चांगले सिनेमे शेवटी न्याय मिळवतात असं जे आपल्याला वाटतं, ते फक्त न्याय मिळालेलेच दिसतात म्हणून वाटतं.

मध्यंतर

काका. :(

निळी_शाई

'सावकारी पाश' बद्दल एक आठवण वाचली होती. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांनी तो पाहिला होता. अनेक वर्षांनी त्यांना मूकपट अंधुकच आठवत होता, पण बोलपटातली अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं आठवत होतं.

खडूस

म्हणजे लक्षात राहिलं ते बोलपटातलं, मूकपटातलं नाही?

निळी_शाई

हो. तेच तर.

शेवटची_रांग

काका, या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. धाग्याचं शीर्षक बदलायला हवं होतं, पण संपादनाची मुदत संपली.

खडूस

तुमचा धागाही काळाच्या पुढे गेला म्हणायचा.

गप्प_वाचक

तीन दिवसांनी परत आलो. मित्राकडे प्रोजेक्टर आहे, भिंतीवर 'प्लेटाइम' लावला. पहिला तास पुन्हा तसाच गेला, खोटं बोलत नाही. मग ते रेस्टॉरंट. नुकतंच उघडलंय, रंग ओला आहे, फरश्या निघतायत. दाराची मोठी काच फुटून खाली पडते आणि दरवाजाजवळच्या नोकराच्या हातात नुसती पितळी मूठ उरते. तो ती हवेत धरून उभा राहतो. पाहुणा आला की मूठ बाजूला नेतो, आत गेला की परत आणतो. दार नाहीये आणि लोक दारातून आत येतायत. मी आणि मित्र इतके हसलो की मागे नेऊन परत बघितलं, तेव्हा मित्राला डाव्या कोपऱ्यात आणखी काहीतरी चाललेलं दिसलं. ते मला अजून सापडलेलं नाही. उद्या पुन्हा लावणार आहोत.